लेकीला मिशनला पाठवताना

मुलगी सिस्टर व्हायला जाते म्हणजे एक दिवस बॅग उचलते आणि विषय संपतो, असं नाशिकला आमच्या जेलरोडच्या कॉलनीत बऱ्याच जणांना वाटतं. नात्यातल्या ख्रिस्ती माणसांनाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या भेटीपासून दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाच्या अखेरच्या, म्हणजे कायमच्या व्रतांपर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात. प्रत्येक टप्प्यावर मुलीला पुन्हा विचारलं जातं, "तुला अजूनही यायचंय का?" घरच्यांना कुणी विचारत नाही, पण आपल्याला आपलं उत्तर द्यावंच लागतं. ज्यांच्या घरात हा विषय नुकताच निघाला असेल, त्या आईवडिलांसाठी मी हे लिहिते आहे. मला तेव्हा मराठीत नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आमची धाकटी नर्सिंग करून मुंबईत नोकरीला लागली होती. ड्यूटी सुटली की ती फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी, म्हणजे सगळे ज्यांना एफएमएम सिस्टर्स म्हणतात, त्या कॅथलिक भगिनींच्या संघाच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, जाऊन बसायची. नाताळच्या सुट्टीत घरी आली आणि तिने सरळ सांगून टाकलं. आमचे हे प्रेसमधून निवृत्त झालेले, मोजकंच बोलणारे. ते गप्प राहिले. मी मात्र म्हणाले, "अगं, सेवाच करायची तर नर्स आहेसच की. इथे नाशिकला ये, इथे काय आजारी माणसं नाहीत?" ती म्हणाली, "आई, मला जिथे पाठवतील तिथे जायचंय." या वाक्याचा अर्थ कळायला मला फार वेळ लागला.

थोड्या दिवसांनी दोघी सिस्टर घरी आल्या. मला वाटलं होतं, मुलगी मिळतेय म्हणून आनंदाने घेऊन जातील. त्या चौकशीच करत बसल्या. हिच्या पगारावर घर चालतं का? कर्ज आहे का? लग्न ठरून मोडलंय का, म्हणून ही निघालीय का? घरातलं कुणी नवस बोललंय का? नंतर कळलं, की यातले काही प्रश्न चर्चच्या कायद्यातच आहेत. 17 वर्षं पूर्ण नसतील, लग्नाचं बंधन असेल, किंवा जबरदस्तीने, भीतीपोटी, फसवून कुणाला आणलं असेल, तर नोव्हिशिएटमधला, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणातला, प्रवेश वैधच ठरत नाही. फेडता न येणारं कर्ज असलेल्या व्यक्तीलाही घेत नाहीत. हे ऐकून आमच्या यांचा जीव पुष्कळ भांड्यात पडला. पोरीला कुणी भुलवलेलं नाही, हे त्यांना कुणीतरी बाहेरून सांगायला हवं होतं.

मग कागदपत्रं. शाळेचा दाखला, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, वैद्यकीय तपासणी, धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या फादरांचं पत्र, दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतरच्या एका संस्काराचा) दाखला, आणि बाप्तिस्म्याचा दाखला, तोही नव्याने काढलेला. घरातला लॅमिनेट करून ठेवलेला जुना चालत नाही. आमच्या मुलांचे बाप्तिस्मे संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावी झाले, म्हणून तिकडे जावं लागलं. फादरांनी कपाटातून लांबरुंद रजिस्टर काढलं. निळ्या शाईतली एक ओळ: तारीख, मुलीचं नाव, आईबापाचं नाव, धर्ममातापिता. शेवटी शेऱ्याचा रकाना, कोरा. नवा दाखला का लागतो ते तिथे समजलं. माणसाचा कॅथलिक विवाह जगात कुठेही झाला, तरी त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात येऊन पडते. तो रकाना कोरा आहे, एवढंच त्यांना बघायचं असतं. अखेरच्या व्रतांची नोंदही याच रकान्यात होते. रजिस्टरात आमचं गावाकडचं जुनं आडनाव होतं आणि शाळेच्या दाखल्यावर आताचं, म्हणून एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मुलगी लहान असतानाच असली नावं जुळवून घेतलेली बरी.

जाताना सिस्टरांनी मला संघाच्या संस्थापिकेच्या चरित्राची एक पुस्तिका दिली होती. इंग्रजी माझं बेताचं, पण रात्री सगळं आवरल्यावर मुलाला जवळ बसवून मी ती वाचून घेतली. आमच्या घरात खरा फरक त्या वाचनाने पडला.

त्यांचं मूळ नाव एलेन द शापोतँ. जन्म 21 मे 1839, फ्रान्समधलं नांत शहर, घराणं खानदानी. 1856 मध्ये एका रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठीच्या एकांतात, देव आपल्याला बोलावतोय असं तिला जाणवलं. आईला ते मान्य नव्हतं. मग आईच अचानक वारली आणि पोरीचं जाणं आणखी लांबलं. डिसेंबर 1860 मध्ये ती क्लॅरिस्ट भगिनींच्या मठात गेली, तीही आजारी पडून थोड्याच काळात परत आली. इथे मी मुलाला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. एवढ्या मोठ्या बाईची आईसुद्धा नाही म्हणाली होती! माझ्या मनात जे चाललं होतं, ते तिथे लिहिलेलं होतं, आणि त्याबद्दल त्या आईला कुणी नावं ठेवली नव्हती.

पुढे 1864 साली तुलूझला त्या मारी रेपाराट्रिस या संघात दाखल झाल्या. मेरी ऑफ द पॅशन हे नाव तिथलं. दुसऱ्याच वर्षी, अजून नोव्हिस, म्हणजे व्रतं न घेतलेली शिकाऊ सिस्टर असताना, त्यांना जहाजाने भारतात पाठवलं, मदुराईला. 1867 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, त्या तिथल्या प्रांतप्रमुख झाल्या. नंतर मिशनमध्ये मतभेद वाढत गेले आणि 1876 मध्ये वीसेक सिस्टर्सना तो संघ सोडावा लागला. त्या सगळ्या उटीला जमल्या. मदर स्वतः रोमला गेल्या, आणि 6 जानेवारी 1877 रोजी पोप नववे पायस यांनी मिशनरीज ऑफ मेरी या नव्या संघाला परवानगी दिली. म्हणजे ज्या संघाला आम्ही परदेशी समजत होतो, त्याचं मूळ निलगिरीच्या डोंगरात आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. नात्यात कुणी "गोऱ्यांचा संघ" म्हणालं, की मी आजही उटीचं सांगते.

1882 मध्ये त्या रोमच्या आराचेली चर्चमध्ये असिसीकर संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघात (त्यांच्या मार्गाने चालणाऱ्यांच्या एका शाखेत) सामील झाल्या आणि संघाच्या नावात फ्रान्सिस्कन आलं. पण पुढच्याच वर्षी त्यांना प्रमुखपदावरून काढलं. पोप तेरावे लिओ यांनी चौकशी करवली, त्या निर्दोष ठरल्या आणि 1884 मध्ये सिस्टर्सनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. 15 नोव्हेंबर 1904 ला सान रेमोला त्या वारल्या, तेव्हा संघात दोन हजारांहून जास्त सिस्टर्स आणि 86 मठ होते. 20 ऑक्टोबर 2002 रोजी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

एक पान मात्र मुलाने मला वाचून दाखवलं नव्हतं. ते मी नंतर स्वतः चाचपडत वाचलं. चीनमधल्या ताइयुआनला गेलेल्या याच संघाच्या सात सिस्टर्स 9 जुलै 1900 रोजी परदेशी आणि ख्रिस्ती लोकांविरुद्धच्या बॉक्सर बंडात मारल्या गेल्या. 2000 साली त्या संत झाल्या. संत म्हणून त्यांना मी हात जोडते, पण आई म्हणून त्या पानाने माझी झोप उडवली, हेही खरंच आहे. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, त्याच चीनमध्ये असुंता पाल्लोत्ता म्हणून आमची एक सिस्टर होती. शेतकऱ्याची मुलगी. आयुष्यभर स्वयंपाक आणि पडेल ते काम केलं, 1905 मध्ये तापाने गेली. तीही धन्यवादित आहे." मला धीर देण्यासाठी तिने रांधणारी बाई निवडली होती.

या सिस्टर्सच्या जगण्याचा पाया मला हळूहळू उमगला. रोज पवित्र साक्रामेंतासमोर (पवित्र केलेल्या भाकरीसमोर) आराधना, ती कितीही काम असलं तरी सुटत नाही. दुसरं म्हणजे पवित्र मरियेचं उत्तर: "पाहा, मी प्रभूची दासी, आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो." तिसरं, संत फ्रान्सिससारखं साधं आणि लहान होऊन राहणं. आणि या सगळ्याच्या पोटातून मिशन, जगात कुठेही, तेही जिथे जायला कुणी फारसं तयार नसतं तिथे. आज सत्तरहून जास्त देशांत त्या आहेत. "मला जिथे पाठवतील तिथे" हे लेकीचं वाक्य मरियेच्या त्या उत्तरातून आलेलं होतं.

आधी काही महिने उमेदवार म्हणून, मग पोस्ट्युलन्सी, म्हणजे प्रवेशाआधीच्या तयारीचा काळ, मग नोव्हिशिएट. नोव्हिशिएट किमान 12 महिन्यांचं असावं लागतं आणि साधारण दोन वर्षांपेक्षा लांबवत नाहीत. त्यातलं एक वर्ष फार कडक: नोकरी नाही, बाहेरचं शिक्षण नाही, घरी येणं नाही, फोन अगदी क्वचित. प्रार्थना, संघाचे नियम, मठातली कामं. जागा नाशिकपासून एका रात्रीच्या प्रवासावर. त्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला वसईची मंडळी नेहमीसारखी आमच्याकडे उतरली. घर भरलेलं, आणि चपात्या लाटायला ती नाही. यात्रेच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, मी रोज गेले, आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आराधनेला बसायला शिकले. ती तिकडे ज्या वेळी बसते त्या वेळी मी इकडे बसायचं, असं ठरवून घेतलं.

थंडीत मी तिच्यासाठी एक स्वेटर विणून पाठवला होता, मोरपिशी, बाह्यांवर पांढरी वेल. सोबत शेंगदाण्याची चटणी. ईस्टरनंतर मठातून एक फोटो आला. त्यात तो स्वेटर झारखंडच्या एका नोव्हिसच्या अंगावर. आमची मागे उभी, जुन्याच राखाडी स्वेटरमध्ये. मला लागलं. रात्र रात्र जागून विणलेला तो. भेटीच्या दिवशी विचारलं, तर तिला त्यात काही विशेषच वाटलं नव्हतं. आलेली वस्तू आधी सगळ्यांची होते, मग ज्याला गरज त्याला जाते. दारिद्र्याचं व्रत तिने अजून घेतलेलं नव्हतं, पण अंगवळणी पडायला लागलं होतं. पुढच्या हिवाळ्यात मी दोन स्वेटर विणले आणि कुणाचं नाव घातलं नाही.

शेजारच्या काकू पहिल्यापासून विचारायच्या, "म्हणजे संन्यासच ना?" नाशिककर माणूस सिंहस्थात साधू बघत मोठा झालेला असतो, त्यामुळे घर सोडणं त्यांना पटकन समजलं. घर सोडून पुन्हा परक्यांच्या जखमा धुवायच्या, रात्रपाळी करायची, त्याचा पगार संघाला द्यायचा, हे त्यांना नवीन होतं. पहिल्या व्रतांनंतर लेकीला परराज्यातल्या एका आदिवासी भागातल्या दवाखान्यात पाठवलं. तिथले बाळंतपणाचे किस्से ती सुट्टीत सांगते, तेव्हा सगळ्यात पुढे काकूच बसलेल्या असतात.

पहिली व्रतं तात्पुरती असतात, मुदत संपली की नव्याने घ्यायची. हा काळ तीन वर्षांहून कमी नसतो, सहसा सहापर्यंत जातो आणि लागलाच तर नऊपर्यंत वाढवता येतो. या काळात ती परतही येऊ शकते, आणि तिच्या बरोबरची एक मुलगी आलीही. त्या घरच्यांना मी एवढंच सांगितलं, की ती वर्षं वाया गेली असं कुणी तिच्यासमोर बोलू नका.

आता आमच्याकडे अखेरच्या व्रतांची तयारी चालू आहे. कुणी आधी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे मृत्युपत्र. पहिल्या व्रतांच्या आधी आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा असतो, आणि अखेरच्या व्रतांच्या आधी देशाच्या कायद्याने चालेल असं मृत्युपत्र करायचं असतं. आमची गावाकडे थोडी शेती आहे. वकिलांनी सांगितलं, मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याला ठेवलेलं त्याला मिळत नाही. लेकीने तिचं जे काही होईल ते भावाच्या मुलीच्या नावे लिहिलं. साक्षीला एक धर्मग्रामातले शिक्षक आणि दुसऱ्या आमच्या काकू.

काकूंनी चष्मा लावून सगळा मजकूर वाचला आणि विचारलं, "मग हिच्या नावावर राहिलं काय?"

"पासपोर्ट आहे ना, काकू," लेक म्हणाली.

तो नुकताच आला होता. परदेशी मिशनला जायची तयारी आहे, असं तिने वरिष्ठांना आधीच लिहून दिलंय. व्रतांची तारीख ठरली की गावच्या फादरांना कळवायचं आहे, म्हणजे रजिस्टरात शेऱ्याची नोंद होईल. ती झाली की त्याचा एक दाखला मी घरासाठी मागून घेणार आहे.