सुरुवात कापलेली गाणी

१४ मार्च

पातळ पांघरुणं शोधायला माळ्यावर चढले आणि टेपरेकॉर्डर घेऊन उतरले. सोबत बुटांच्या खोक्यात एकवीस कॅसेटी. कागदी पट्ट्यांवर दादाचं अक्षर: ‘रेडिओ १’, ‘रेडिओ २’, ‘रेडिओ २, चांगली’. एकीवर नुसतंच ‘पुसू नये’.

या शेवटच्या कॅसेटच्या मागच्या दोन्ही खिट्या मोडलेल्या आहेत. खिट्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दबत नाही, आत असेल ते कायमचं सुरक्षित. पण पुढे विचार बदललाच, तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची, की कॅसेट पुन्हा पुसायला मोकळी. ‘पुसू नये’च्या एका भोकावर चिकटपट्टी आहे. पिवळी पडलेली, एक कोपरा दुमडलेला. संशयित दोघंच, आणि दादा स्वतःची सूचना मोडणाऱ्यातला नाही.

वायर जोडली. लाल दिवा लागला, मोटरचा घूं असा आवाजही आला. चक्रं मात्र ढिम्म.

१५ मार्च

रविवार कामी आला. मागचे स्क्रू काढले आणि दुखणं लगेच सापडलं. मोटरची गती चाकांपर्यंत नेणारा रबरी बेल्ट होता तिथे आता डांबरासारखा काळा, लोंबणारा राडा आहे. जुन्या रबराचं असंच होतं म्हणे. वापरलं नाही तरी ते हळूहळू विरघळत जातं. कापूस, स्पिरिट, कान साफ करायच्या काड्या आणि दोन तास. यंत्र स्वच्छ झालं. माझी नखं अजून काळी आहेत.

नवा बेल्ट मागवलाय. तो येईपर्यंत कॅसेट नावाच्या या डबीबद्दल वाचत बसले. १९६३ साली फिलिप्सने ती बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. तिच्यामागचा इंजिनिअर लू ऑटन्स. त्याने आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला होता, कोटाच्या खिशात मावेल एवढा, आणि यंत्र त्या मापात बसवा म्हणाला. कॅसेटकडून सुरुवातीला कुणाच्या फार अपेक्षा नव्हत्या; पत्राचा मजकूर सांगून ठेवावा, चार बोलणी टिपावीत, एवढंच. चार मिलिमीटरही रुंद नसलेली फीत, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणार. गाण्यासाठी ही चाल फारच संथ. तरी लोकांनी गाणीच भरली. वस्तू कशासाठी केली आणि लोकांनी तिचं काय केलं, हा माझा आवडता विषय आहे, पण आज नखं धुवायची आहेत.

२० मार्च

आज दिवस-रात्र समान. शाळेत असंच शिकवलं होतं आणि मी इतकी वर्षं निमूट मानलं होतं. आज कळलं की आजचा दिवस रात्रीपेक्षा काही मिनिटं मोठाच असतो. सूर्याचा वरचा काठ दिसला की तो उगवला असं धरायचं, पण मावळला म्हणायला मात्र तो पुरता बुडावा लागतो. त्यात हवेमुळे किरण वाकतात, म्हणून सूर्य क्षितिजाच्या जरा खाली असतानाच दिसायला लागतो. या दोन्ही सवलती दिवसाच्या खात्यात. खरोखर समसमान असलेला दिवस काही दिवसांपूर्वीच येऊन गेला.

त्या दिवशी मी काय केलं ते या वहीत नाही.

२२ मार्च

बेल्ट आला, बसला, चक्रं फिरली! ‘रेडिओ २, चांगली’ लावली. आधी फीत सरकल्याची खसखस, मग एकदम गाणं. एकदम म्हणजे अक्षरशः एकदम, पहिल्या ओळीच्या दुसऱ्या शब्दाच्या मधूनच.

पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही.

मी विसरले होते. आमच्याकडच्या सगळ्या गाण्यांना सुरुवात नव्हती. प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबून, वर पॉझ धरून दादा रेडिओपुढे बसायचा. निवेदिका बोलतेय तोवर बोट पॉझवर. पण पुढचं गाणं नवं असलं, तर ते भरण्यालायक आहे की नाही हे कळायला ते थोडं ऐकायला तर हवं! कॅसेट काही फुकट येत नव्हती. म्हणून ऐकायचं, आणि आवडतंय असं वाटलं की बोट सोडायचं. तोवर वाद्यं संपलेली असायची आणि गाणारा पहिल्या ओळीत पोहोचलेला असायचा. ओळखीची, बेताची गाणी आमच्याकडे पहिल्या ठेक्यापासून आहेत. ज्यांनी पहिल्यांदा ऐकतानाच धरून ठेवलं, ती सगळी मुंडकं नसलेली.

त्यात फितीचा स्वतःचा हट्ट. तिच्या दोन्ही टोकांना काही सेकंद नुसतं प्लास्टिक असतं, त्यावर चुंबकीय थर नसतो, आवाज उमटत नाही. ते पुढे सरकवून न ठेवता कोरी कॅसेट लावली, की बाजूचं पहिलं गाणं आणखी आखूड.

रात्री त्यातलं एक गाणं मोबाईलवर शोधलं. अख्खं मिळालं. सुरुवातीला जवळजवळ पाऊण मिनिट बासरी आणि मागे तंतुवाद्यं. सुरेख आहे, नाही म्हणत नाही. पण मला ते उपरं वाटलं. आपल्या घरी आलो तर दारात अनोळखी माणूस बसलेला, आणि तो म्हणतोय मी इथलाच. बासरी पुढे ढकलून मी दुसऱ्या शब्दापासून ऐकलं. मग बरं वाटलं. संगीतकाराने मला माफ करावं.

२५ मार्च

सर्दी. ऑफिसला दांडी. एका रहस्यकथा-मालिकेचा तिसरा भाग वाचला. पहिले दोन वाचलेले नाहीत. तपास करणारी बाई कुणाशी तरी अबोला धरून आहे आणि कारण मागे कुठेतरी घडलंय. खुनी ओळखला. अबोल्याचं कारण मात्र जाणून घ्यायचं नाही असं ठरवलंय.

२८ मार्च

दादा आणि भाची दोन दिवस राहायला. भाचीने टेपरेकॉर्डरभोवती एक फेरी मारली.

“आत्या, पुढचं गाणं कुठून लावायचं?”

“पुढे पळवायचं आणि अंदाजाने थांबायचं.”

“अंदाजाने?”

“चुकलं तर मागे यायचं.”

तिने माझ्याकडे फार सभ्यपणे पाहिलं. चार मिनिटं ऐकलं आणि उठून गेली. मला वाटलं होतं ती हरखून जाईल. असल्या गोष्टींत मुलं हरखून जातात असं ऐकून होते. ती हरखली ती पेन्सिलीवर. सैल पडलेली फीत चक्राच्या भोकात पेन्सिल घालून कशी आवळायची ते दादाने दाखवलं, आणि मग एकवीसच्या एकवीस कॅसेटी तिने आवळून ठेवल्या. ऐकली एकही नाही.

दादाला ‘पुसू नये’ दाखवली. “यात काय होतं रे?” तो पट्टीकडे बघत राहिला. “महत्त्वाचं काहीतरी असणार,” म्हणाला. बास, एवढंच.

१ एप्रिल

खिडकीसमोरच्या झाडाला पालवी. कालपर्यंत नव्हती, असं मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी ते खोटं असतं. या वेळी रोज बघायचं ठरवलं होतं. तीन दिवस बघितलं, मग सर्दी झाली, मग पाहुणे आले, आणि आज बघते तर झाड हिरवं.

तसं रोज बघूनही फरक पडला नसता. थंडीत पानं गाळणाऱ्या पुष्कळ झाडांच्या कळ्या आदल्याच मोसमात तयार होतात. जुनी पानं फांदीवर असतानाच त्यांच्या बगलेत पुढच्या वर्षीची पानं घडी घालून ठेवलेली असतात. मग पुरेशी थंडी होऊन जाण्याची वाट, आणि मग उबेची. आज मी जे ‘आलं’ म्हणतेय ते गेल्या वर्षीच भरून ठेवलेलं आहे.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्या यादीत पालवी टाकायला हरकत नाही.

४ एप्रिल

सिनेमाला उशिरा पोहोचलो. अंधारात दोन जणांचे पाय तुडवत जागेवर बसलो तर पडद्यावर एक माणूस रडत होता आणि दुसरा त्याच्याकडे न बघता सायकल पुसत होता. पहिली दहा मिनिटं गेली होती. पुढचे दोन तास मी तो का रडत होता याचे अंदाज बांधले आणि सिनेमा फार आवडला. नंतर मैत्रिणीने ती दहा मिनिटं सांगितली. कारण अगदीच किरकोळ निघालं. माझी तिन्ही कारणं त्याहून बरी होती.

एकेकाळी कित्येक देशांत चित्रपटगृहं दिवसभर अखंड चालायची. लोक मधेच शिरायचे, शेवट बघायचे, मग पहिल्यापासून सुरू झालं की आपण आलो होतो तो प्रसंग येईपर्यंत थांबायचे आणि उठायचे. १९६० साली हिचकॉकने ‘सायको’साठी नियम लावला: खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. मोठ्या नावाची नायिका निम्म्याच्याही आधी मरते, उशिरा आलेला माणूस ती कधी येते याची वाट बघत बसला असता. हिचकॉकचं बरोबरच होतं. पण त्याआधीची माणसं शेवटाकडून सुरुवातीकडे जात सिनेमे बघत होती आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

७ एप्रिल

काही नाही. गच्चीवर मघा ही चांदणी दिसली, जवळजवळ डोक्यावर. आज दिसलेला उजेड तिथून निघून सुमारे ७९ वर्षं झाली. इथे मात्र शेजारच्या मांजराच्या पिल्लाने बसायची जागा पटकावली, तेव्हा लवकर खाली आले.

९ एप्रिल

हेडफोन लावून ‘रेडिओ १’ ऐकत होते. दोन गाण्यांमधल्या शांततेत, पुढचं गाणं सुरू व्हायच्या जरा आधी, तेच गाणं अगदी बारीक आवाजात ऐकू आलं. भिंतीपलीकडे कुणी लावल्यासारखं. मग खरं गाणं.

मला वाटलं सर्दीने कान गेले. पण तीनदा मागे नेलं, तीनदा तसंच. कारण साधं आहे. फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली, की एका वेढ्यावरचा मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर चुंबकत्वाने थोडासा उतरतो. पातळ फितीत जास्त. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६०च्या फितीपेक्षा पातळ असते, आणि दादा काटकसरीने ९०च्याच आणायचा. म्हणून शांततेत गाण्याची सावली, कधी आधी पडते, कधी नंतर.

ज्या गाण्याची सुरुवात आम्ही कापली, त्याला माळ्यावर पडल्यापडल्या दुसरीच सुरुवात फुटली. ही आवृत्ती फक्त आमच्याकडे आहे.

१२ एप्रिल

आज ‘पुसू नये’. इतके दिवस टाळत होते, उगाच कशाला खोटं लिहा.

आत मी निघाले. नऊ-दहा वर्षांची मी, एका कार्यक्रमाची निवेदिका. “श्रोतेहो, आता ऐका,” आणि मग मीच गाते, दोन ओळी विसरते, पुन्हा “श्रोतेहो”. असं अकरा मिनिटं. हवामानाच्या बातम्यासुद्धा आहेत, सर्वत्र पाऊस. मधेच आईची हाक येते आणि निवेदिका ओरडते, “थांब ना, प्रसारण चालू आहे!” मग खट्.

आणि त्या खट्च्या लगेच पुढे, एका शब्दाच्या मधूनच, जुनं सुरू झालं. माझ्याखाली न पुसलं गेलेलं. आई हसतेय. हसतेय म्हणजे तिला श्वास घेता येत नाहीये. बाबा काहीतरी म्हणायला जातात आणि तेही हसायला लागतात. दादाचा आवाज तेव्हा फुटत होता, एकदा जाड एकदा चिरका, “अरे चालू आहे, चालू आहे टेप!” आणि त्यावर आणखी हशा. तीन-साडेतीन मिनिटं. कुणी एक अख्खं वाक्य बोलत नाही. मग फीत संपते.

आईला फोनवर ऐकवलं. “मी आहे ही?” एवढंच म्हणाली, आणि हसायला लागली, अगदी तशीच. काय झालं होतं ते तिला आठवत नाही. बाबांनी दोनदा ऐकलं, त्यांनाही नाही.

मग दादाला फोन लावला आणि टेपरेकॉर्डर शेजारी धरला. संपल्यावर तो जरा वेळ गप्प होता.

“कशावर हसत होता रे तुम्ही एवढं?”

“ते आधी होतं,” तो म्हणाला. “तू पाऊस पाडलास तिथे.”

मग म्हणाला, “परत लाव.”