चौथ्या पासच्या नळ्या

इथेनपासून इथिलीन बनवणाऱ्या कारखान्यात माझी रात्रपाळी होती, अडीच वाजले असतील. फील्डमधून वॉकीटॉकीवर दादांचा आवाज आला, "साहेब, जरा हीटरवर या. चौथ्या पासच्या नळ्या लई उजळ दिसतायत."

हीटर म्हणजे इथेन तापवायची भट्टी आणि पास म्हणजे तिच्यातल्या नळ्यांचे चार समांतर मार्ग. पॅनलवर सगळं ठीक होतं. नळ्यांच्या कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान ८४० अंश, इथेन बरोबर, त्यात मिसळायची वाफ, म्हणजे डायल्युशन स्टीमही बरोबर. तरी गेलो. दादांनी त्या हीटरवर वीस वर्षं काढली होती, त्यांच्या डोळ्यांवर माझा स्क्रीनपेक्षा जास्त विश्वास होता. पीपहोलमधून पाहिलं. बाकीच्या नळ्या नारंगी आणि या जवळजवळ पिवळ्या. लांबून तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरने १,०८५ अंश दाखवले. नळीच्या धातूची आमची मर्यादा १,१०० होती.

नळी आतून कोकने, म्हणजे साचलेल्या कार्बनने, भरत चालली होती, हे उघड होतं. कोकचा थर उष्णता आत जाऊ देत नाही, मग गॅसचं तापमान टिकवायला बर्नर अधिक पेटतात आणि धातू तापत जातो. पण हा हीटर नुकताच डीकोक करून, म्हणजे कोक काढून, लावलेला. इतक्या लवकर का?

पॅनलवर परतलो आणि चारही पासचे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. स्टीमचा प्रवाह चौघांचा सारखा. व्हॉल्व्हची उघडीक मात्र तिघांची ५८ टक्क्यांच्या आसपास आणि चौथ्याची ४१. एवढ्याशा फटीतून तेवढीच वाफ जाईलच कशी? इन्स्ट्रुमेंटवाल्याला उठवलं. मीटर दाबातल्या फरकावरून प्रवाह ठरवतो. त्याच्या कमी दाबाच्या बाजूची इम्पल्स लाइन, म्हणजे मीटरला दाब पोचवणारी बारीक नळी, गळत होती. त्यामुळे दाबातला फरक जास्त दिसायचा, मीटर प्रवाह जास्त दाखवायचा आणि कंट्रोलर इमानदारीने व्हॉल्व्ह बंद करत जायचा.

कॉलेजात शिकलेलं साम्यावस्थेचं गणित त्या रात्री मला पहिल्यांदा खरं वाटलं. इथेनच्या एका रेणूपासून दोन रेणू होतात, इथिलीन आणि हायड्रोजन. सुमारे ७९० अंशांना या अभिक्रियेचा साम्यस्थिरांक १ असतो. एक वातावरण दाबाला नुसतं इथेन असेल तर साम्याला ७१ टक्के रूपांतर होतं. वजनाने ०.३ पट वाफ मिसळली की ७५. वाफ इथेनचा आंशिक दाब उतरवते, म्हणून पारडं इथिलीनकडे झुकतं. पण हे साम्य वाटेतलं आहे. त्या तापमानाला खरं स्थिर काय, तर कार्बन आणि हायड्रोजन. पुरेसा वेळ दिला तर इथिलीनसुद्धा तिकडेच जाईल. म्हणून गॅस कॉइलमध्ये अर्ध्या सेकंदाहूनही कमी राहतो आणि बाहेर येताच एक्स्चेंजरमध्ये झटक्यात थंड केला जातो. चौथ्या पासमध्ये वाफ घटली आणि इथिलीनचे रेणू एकमेकांना भेटून कोक व्हायला मोकळे झाले. शिवाय थोडा कोक वाफेने जळून जातो, तेही कमी झालं.

पहाटे त्या हीटरचं इथेन काढलं आणि वाफ-हवेवर डीकोकिंग सुरू केलं.

तीन दिवसांनी एक्स्चेंजरचं झाकण उघडलं, तेव्हा दादांनी आतून पडलेला एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. काळा, चकचकीत, खापरीसारखा कडक. काही दिवसांपूर्वी हा इथेन होता आणि मधल्या निमिषभरात इथिलीनही. अजून थोडी वाफ असती, तर यातलं बरंचसं इथिलीनच राहून पुढे गेलं असतं.