बाटलीला चिकटून राहिलेलं लोह

मे महिना संपत आला होता आणि विहिरींनी तळ गाठला होता. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात आम्ही पोचलो तेव्हा देवळाच्या मंडपात माणसं आधीच जमली होती. विद्यापीठातर्फे आम्ही अशा गावांत जातो, पाणी तपासतो, तपासणीचा कागद समजावून सांगतो, अर्जाला जोडता येईल अशी माहिती तयार करून देतो. ताळगावच्या पठारावरून माशेल, आमोण्याचा पूल, साखळी असं येताना खाणीचे डंप दिसू लागतात. एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते, तीच ही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांवरचं मायनिंग थांबलं. डंप होते तिथेच राहिले, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात ती माती दर पावसाळ्यात शेतांत, ओहोळांत उतरते.

एका वयस्क शेतकऱ्याने, सगळे त्यांना आबा म्हणत होते, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. पाणी तपासणीचा अहवाल. लोहापुढे लिहिलं होतं : ‘आढळले नाही’.

‘‘मॅडम, कुठल्याही ऑफिसात गेलो की हाच कागद आमच्यापुढे ठेवतात. तुमचं पाणी चांगलं आहे म्हणतात.’’

मागून एक काकी उठल्या. ‘‘रात्री हंडा भरून ठेवला की सकाळी तळाला तांबडा साका. चहा काळा होतो. भाताचा रंग बदलतो. आणि कागदावर काहीच नाही!’’

चहा काळा होतो हे ऐकल्यावर मला शंका उरली नाही. चहातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह एकत्र आलं की असाच काळपट रंग येतो. मी आबांना विचारलं, नमुना कसा भरला होता? बिसलेरीची रिकामी बाटली, विहिरीचं पाणी, घट्ट झाकण. कुणी शहरात जाईपर्यंत ती चार-पाच दिवस घरीच होती. मग प्रयोगशाळेत दिली.

‘‘दोन भरल्या होत्या. एक दिली, दुसरी माळ्यावर असेल.’’

मी म्हटलं, आबा, ती आणा.

बाटली आली. वरचं पाणी काचेसारखं नितळ, आणि आतून भिंतीला, तळाला विटकरी रंगाचा पातळ थर. बोटाने बाहेरून घासून पाहिलं, थर आतलाच. विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असतो, तिथे लोह पाण्यात विरघळलेलं असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो बसतो. म्हणून धातू तपासायचे असतील तर नमुना भरतानाच त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकावे लागतात, म्हणजे धातू पाण्यातच राहतो. हे आबांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्लाविना आलेल्या बाटलीतलं वरचं पाणी प्रयोगशाळेने मोजलं असेल, तर कागदावर दुसरं काय येणार?

नुसतं बोलून चालण्यासारखं नव्हतं. मी हातमोजे घातले, मुलांना मागे सरकवलं आणि वरचं नितळ पाणी एका नळीत घेतलं. त्यात थोडं आम्ल आणि थायोसायनेटचे थेंब, लोह असेल तर हे रसायन लाल रंग देतं. पाणी जेमतेम गुलाबीसर झालं. मग बाटली रिकामी करून आत थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं आणि हळूहळू फिरवत राहिले. भिंतीवरचा थर सुटत गेला, बाटली स्वच्छ झाली, आम्ल पिवळं पडलं. त्यातलं थोडं दुसऱ्या नळीत घेऊन तेच थेंब टाकले. नळी लालभडक. तिसऱ्या नळीत नवं आम्ल, तेच थेंब : रंग नाही. तिन्ही नळ्या हातोहात फिरल्या. काकींनी लाल नळी उन्हाला धरून पाहिली आणि आबांच्या हातात दिली. आबा बराच वेळ बोलले नाहीत. वर्षभर त्यांना खोटं ठरवत आलेला कागद त्यांच्या मांडीवर होता.

मग एका तरुणाने विचारलं, ‘‘म्हणजे हे मायनिंगमुळे, असं लिहून द्याल ना?’’

मी नाही म्हटलं. मंडपात कुजबुज झाली, ती रास्तच होती. पण आपली जमीनच जांभ्याची आहे, जांभ्यात लोह असतंच. लाल नळी पाण्यात लोह होतं एवढंच सांगते, ते आलं कुठून ते सांगत नाही. त्यासाठी डंपच्या वरच्या अंगाच्या विहिरीही तपासायला हव्यात, पावसाआधी आणि पावसानंतर. अर्धवट पुराव्यावर लिहिलेला कागद समोरचा वकील पाच मिनिटांत फाडतो, आणि मग खरा पुरावाही कुणी वाचत नाही.

कडेवर मूल घेतलेल्या एका वहिनींचा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटला. ‘‘बाळाला हे पाणी देऊ की नको?’’ मी सांगितलं, लोहाने चव आणि रंग बिघडतो, मला काळजी मँगनीज या धातूची आहे. इथल्या खनिजासोबत तेही असतं. भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३पर्यंत. आकडा हातात येईपर्यंत तान्ह्याला नळाचंच पाणी, मिळेल तिथून आणून, उकळून द्या. विहिरीचं उकळून उपयोग नाही. उकळण्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत.

उरलेली दुपार नमुने भरायला शिकवण्यात गेली. साध्या बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या. पिवळ्या झाकणाच्या बाटलीत आम्ल आधीच असतं, ती विसळायची नाही, ओसंडूही द्यायची नाही. विहिरीचं नाव, तारीख, वेळ, भरणाऱ्याची सही, बर्फाची पेटी. बारावी सायन्सच्या एका मुलीने वही ताब्यात घेतली. कुठली विहीर कधी तांबडी होते हे बायकांना पाठ होतं, त्यामुळे कुठून नमुना घ्यायचा ते त्यांनीच ठरवलं. आबा आम्हाला डंपच्या वरच्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, झरीपर्यंत घेऊन गेले. ‘‘हिच्यात पण लोह निघालं तर आमचं म्हणणं पडेल, होय ना?’’ मी म्हटलं, लोहापुरतं पडेल. ‘‘मग भरा,’’ ते म्हणाले.

झरीत लोह निघालं, थोडं. मँगनीज मात्र मर्यादेच्या खाली होतं, आणि डंपच्या खालच्या विहिरींत मर्यादेच्या वर. पावसाळ्यानंतरचे नमुने गावानेच भरून आणले, वहीसकट. त्यांतही हाच फरक दिसला. खाणबाधित भागांसाठी २०१५च्या कायद्याने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पिण्याचं पाणी अग्रक्रमाचं आहे. तिथे नळपाण्यासाठी केलेल्या अर्जाला गावाने दोन्ही वेळचे आकडे जोडले आहेत, झरीतल्या लोहाचा आकडाही न वगळता.