तीन स्वरांत सी थर्टीन: व्हायोलिनवरचे जॅझ कॉर्ड

सी थर्टीन या जॅझ कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटात) सहा-सात स्वर येतात आणि व्हायोलिनला तारा चारच. म्हणून सगळे स्वर धरायच्या मागे लागूच नका. मूळ सी आणि पाचवा जी सोडून द्या. मूळ स्वर हार्मोनियमवर पांढरी एक दाबून कुणालातरी धरू द्या. कॉर्डचा जीव तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असतो.

डीच्या तारेवर दुसऱ्या बोटाने ई (तिसरा), एच्या तारेवर पहिल्याने बी फ्लॅट (कोमल बी, म्हणजे सातवा), ईच्या तारेवर तिसऱ्याने ए. हा वरचा ए म्हणजेच सीपासून मोजला तर तेरावा. दुसरं बोट पहिल्याला अगदी चिकटून, अर्ध्या स्वरावर पडतं; सैल राहिलं की ई चढतो आणि सगळा कॉर्ड आंबट लागतो.

आता खरी गंमत. ई उतरवून ई फ्लॅटवर, बी फ्लॅट सोडून ए मोकळी, वरचा ए उतरवून जी. हार्मोनियमवर पांढरी चार, की झाला एफवरचा कॉर्ड, एफ नाइन! हात जागचा हलत नाही.

घोडी गोलाकार असल्याने गज तिन्ही तारांवर क्षणभरच टिकतो. आधी खालच्या दोन, मग वरच्या दोन. गज बोटं ठेवायच्या पट्टीकडे सरकवला तर तारा सोप्या दबतात. जोर लावलात तर नुसती करकर.

वाद्य सा-प-सा-पमध्ये लावलेलं असेल तर आधी जी-डी-ए-ई करा. आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दर पंधरा मिनिटांनी सूर तपासा: कोरड्या हवेत खुंट्या आकसून सटकतात, आणि उकाड्याने गजाला लावायची राळ चिकट होते.