डावा फूटरेस्ट

माझं मोटरसायकलचं गॅरेज इंदूरला, राऊकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. काम मुख्यतः शॉकअपचं: गळके फोर्क, बसलेल्या स्प्रिंगा. हल्ली लोक गाडी घ्यायच्या आधीही विचारायला येतात, कारण ॲव्हरेज आणि हप्ता यांपलीकडचं काही विचारलं की शोरूममधली पोरं मॅनेजरच्या तोंडाकडे बघतात. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आलेल्यांना समजावणं त्याहून अवघड. व्हिडिओतला पठ्ठ्या एकटाच दगडांवरून उडत असतो, मागची सीट रिकामी.

कच्च्या रस्त्यावर डबल सीट जायचं म्हटलं की मी आधी विचारतो, मागे कोण बसणार? उत्तर बहुतेक वेळा "मिसेस", आणि मिसेस घरी असतात. मापं तर त्यांचीच घ्यायची असतात.

हे दोघे भाऊ मात्र जोडीनेच आले. थोरले साठीला टेकलेले, उंची साडेपाच फूट, जुन्या बुलेटवर हात बसलेला. धाकट्यांना लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा सांगाडा. स्टुलावर बसताना त्यांनी गुडघ्याजवळची कडी बोटाने वर सरकवली, टक् आवाज झाला आणि पाय दुमडला. शाळेत इतिहास शिकवायचे, आता चोरल आणि महूच्या बाजूच्या जुन्या बावड्यांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, नोंद करत फिरतात. त्यांची साइड व्हीलवाली स्कूटर आहे, पण म्हणाले, "बावड्या डांबराच्या कडेला थोड्याच बांधल्यात?"

कागदावर तीन गाड्यांची नावं होती. हिमालयन ४५०, एक्सपल्स २०० ४व्ही आणि पुतण्याची जुनी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, जी घरातल्या घरात स्वस्तात मिळत होती. थोरल्यांचा जीव हिमालयनवर. ४० हॉर्सपॉवर, दोन माणसं घेऊन घाट हसत चढेल, हा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. सिमरोल उतरून चोरलपर्यंतच्या डांबरी रस्त्यासाठी मीही तीच सांगितली असती.

मी म्हटलं, आधी चढून दाखवा.

आपण गाडीवर डावीकडून चढतो, म्हणजे सगळं वजन डाव्या पायावर. धाकट्यांना ते शक्य नाही. त्यांना उजवीकडून यावं लागतं: उजवा पाय मागच्या फूटरेस्टवर, थोरल्यांच्या खांद्याला धरून उभं राहायचं आणि डावा पाय हाताने उचलून सीटवरून पलीकडे टाकायचा. तेवढा वेळ ६८ किलो वजन गाडीच्या उजव्या अंगाला लोंबकळतं. साइड स्टँड डावीकडे, त्याचा काही उपयोग नाही. सगळा भार थोरल्यांच्या उजव्या चवड्यावर.

केटीएमची सीट ८५५ मिलिमीटर. थोरल्यांची जेमतेम बोटं टेकली, ती तिथेच बाद. हिमालयन आणि एक्सपल्स दोन्हींची सीट ८२५, कागदावर सारखीच. पण हिमालयन १९६ किलोची. धाकट्यांचा पाय सीटच्या वर असतानाच ती उजवीकडे कलली. आमचा गॅरेजातला पोरगा "भिया, गाड़ी गई!" म्हणत धावला आणि तिघांनी मिळून सावरली. एक्सपल्स जवळपास ४० किलोंनी हलकी. तीही कलली, पण थोरल्यांनी एकट्याने धरली. ताकद निम्मी, १९ हॉर्सपॉवरच्या आसपास, हे थोरल्यांनी मला दोनदा ऐकवलं. मी म्हटलं, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, दोन दात्यांनी मोठं घालू, हायवेला थोडी रडेल, चढाला कुरकुरणार नाही. आणि पुस्तिकेतली एकूण वजनाची मर्यादा बघून घ्या. तुम्ही दोघं, कॅलिपर, कॅमेरा आणि पाणी धरून.

एक्सपल्सच ठरली. आणखी एक. तिचा सायलेन्सर उजवीकडेच, तोही वर उचललेला. शोरूममध्ये तो थंड असतो. जंगलात बावडी बघून परत चढताना मांडी त्यालाच घासणार. आम्ही त्यावर जाळीचं दुसरं कव्हर घातलं.

पुढचं काम माझ्या आवडीचं. दोघांना बसवून मागचा शॉक किती दबतो ते मोजलं. मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास १७० मिलिमीटर, त्यातला तिसरा हिस्सा बसल्याबसल्या गेला तर ठीक. इथे निम्मा गेला. गाडीचं ढुंगण असं बसलं की पुढचं २१ इंची चाक नावालाच जमिनीवर राहतं, हँडल सैल लागतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो. लोक याला "गाडी फेकते" म्हणतात आणि टायर बदलतात. स्प्रिंग पाच स्टेप कसली, तेव्हा जागेवर आली.

मग चेन. हे कुणीच करत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. मागचं चाक वर जाऊ लागलं की चेन ताणते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की सगळ्यात जास्त. रिकाम्या गाडीवर बेताची वाटणारी चेन दोन माणसं बसून खड्ड्यात गेली की तारेसारखी कडक होते आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर घाव बसतात. म्हणून दोघांना बसवूनच ढील बघायची. गिऱ्हाइकाला वाटतं मी चेन ढिली सोडली.

साडी गार्ड काढू दिला नाही. ऑफरोडवाल्या हौशी पोरांचा पहिला उद्योग तो काढून भंगारात टाकणं. मागचं चाक निम्मं झाकलेलं असावं असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम आहे, पण नियम राहू द्या. चेन आणि आरे डावीकडे, आणि तोच पाय यांच्या ताब्यात नाही.

खरा घोळ त्या पायाचाच. मागे बसणारा शहाणा असेल तर धक्क्याला पायांवर जोर देऊन किंचित उठतो. यांचा उजवा पाय ते करतो, डावा नुसता ठेवलेला असतो. चाचणीला चोरलच्या अलीकडे काळ्या मातीच्या वाटेवर गेलो तेव्हा मी मागून बघत होतो. दर आदळीला डावा बूट फूटरेस्टवरून उडायचा. परत येऊन रुंद पट्टीचा फूटरेस्ट बनवला, दोन इंच खाली घेतला, बाहेरून बोटभर कठडा दिला. निम्मं काम झालं.

धाकटे म्हणाले, "पट्टा लावा."

मी नाही म्हटलं. माणसाला गाडीशी बांधायचं नाही. पडला तर सुटायला हवा. त्यांनी वेल्क्रोचा पट्टा सुचवला. मग पोऱ्याचा बूट त्या पट्ट्याने फूटरेस्टला अडकवला आणि गाडी पोत्यांवर आडवी करून बूट हिसकला. वेल्क्रो कडेने सोलला तर चटकन निघतो, सरळ ओढीला मात्र घट्ट धरतो. पडताना ओढ सरळच बसते. बूट सुटला नाही. मी म्हटलं, बघा.

ते बघतच होते. म्हणाले, "म्हणजे धक्क्यालाही धरेल. मग मला हेच हवंय." आणि कॅलिपरचे पट्टे दाखवून म्हणाले, "मास्तर, जन्मभर बांधलेलाच आहे मी. पडल्यावर काय होईल ते तुम्ही सांगितलंत. न पडता रोज काय होतं ते मला विचारा."

थोरले बाहेर रस्त्याकडे बघत उभे होते. गाडी त्यांची, चालवणार ते. एक शब्द बोलले नाहीत. राग मला त्यांचा आला.

पट्टा मी लावला नाही. त्यांनी दुसरीकडून लावून घेतला. पावसाळ्यानंतर सर्व्हिसिंगला आले तेव्हा पट्टा तिथेच होता, एका बाजूची शिवण उसवलेली. चिखलात एकदा पडले होते, पण उजवीकडे. डावा पाय वर राहिला, थोरल्यांनी उठून पट्टा सोडवला, कुणाला खरचटलंही नाही. धाकट्यांना तो आपल्या बाजूचा पुरावा वाटतो. मला वाटत नाही. ओलं लाकूड बघून घर जळणार नाही म्हणण्यातला प्रकार. डावीकडे पडले असते तर?

"शिवून देता?" त्यांनी विचारलं. मी कोपऱ्यावरच्या मोच्याकडे पाठवलं.

ते गेल्यावर आमचा पोरगा म्हणाला, शिवून द्यायला हवं होतं, पण कच्च्या दोऱ्याने. धक्क्याला टिकेल आणि पडल्यावर उसवेल असा. दिवसभर मी त्याच्यावर खेकसलो. संध्याकाळी शटर ओढल्यावर स्प्रिंग काटा काढला. धक्क्याला पाय किती ओढतो हे मोजता येईल, दोरा किती किलोला तुटतो हेही. दोन आकड्यांमध्ये पुरेशी जागा आहे का, एवढाच प्रश्न आहे. सध्या रोज रात्री वेगवेगळ्या दोऱ्यांच्या शिवणी तोडून बघतोय.