तुझं बरंय

"तुझं बरंय, तू आधीचं पाहिलंच नाहीस." एवढंच म्हणाला तो, जंगलातली पायवाट साफ करणाऱ्या आमच्या गटातला एक जण, ते पण सँडविच खाता खाता, आणि मी शनिवारपासनं तेच चघळत बसलेय.

का म्हणाला, तर मी फायरवीडचे, म्हणजे आगीनंतर माजणाऱ्या रानफुलांचे, फोटो काढत होते. काढणार नाही तर काय! इथे अमेरिकेत, ओरेगनमधल्या माऊंट जेफरसन डोंगराच्या उतारावर झाडं जळून नुसती उभी, साल गळालेली, आणि खाली कमरेपर्यंत गुलाबी-जांभळं. तुरा खालून वर फुलत जातो, त्यामुळे एकाच दांडीवर खाली शेंगा फुटून कापूस उडतोय, मध्ये फुलं, शेंड्याला कळ्या. तो कापूस घामाला चिकटतो, नाकात जातो. आणि आमचं काम काय, तर वाटेवर आलेली तीच फुलं लॉपरने, म्हणजे लांब दांड्यांच्या कात्रीने छाटायची, मधमाश्या बसलेल्या असताना. सावली गेली की हे इतकं माजतं की ट्रेल सापडत नाही.

२०२० च्या लायन्सहेड आगीत दोन लाख एकरांवर गेलं. त्याआधी तो पोरांना घेऊन इथे यायचा म्हणे. मान्य. पण मग मला वाईट वाटायचा हक्कच नाही का? मी आले तेव्हा जळलेलंच होतं, त्यात माझा काय दोष? या देशात मी सगळीकडे उशिराच पोचते असं वाटत राहतं. आणि तिकडे चिपळूणच्या घराचं... जाऊ दे, ते आत्ता नको. आईला फोटो पाठवला तर म्हणे, "बाग कुणाची गं?"

वाईल्डरनेसमध्ये, म्हणजे अशा राखीव रानात, १९६४ च्या कायद्यामुळे चेनसॉ चालत नाही, म्हणून आडवी झाडं दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापायची. आपल्याकडे ओढायचं, पलीकडे ढकलायचं नाही, ढकललं की पातं वाकतं. दुपारभर त्याच्यासोबत तेच केलं, कुणीच फारसं बोललं नाही. मुळं कुजली की ही झाडं दर हिवाळ्यात पडत राहणार, म्हणजे पुढच्या वर्षी परत तेच.

फायरवीड तरी कुठे टिकणारे म्हणा. झुडपं नि रोपं वर आली की ते मागे पडतं. मग कुणीतरी नवीन पोरगं तिथे डबा खात बसलेलं असेल आणि मीच म्हणेन, तू कुठे पाहिलंस, इथे काय फुलं होती! म्हणणारच, मला माझा स्वभाव माहितीय, वर मनात "बिचारा" पण म्हणेन.

पुढच्या महिन्यात परत जायचंय. करवतीच्या पलीकडे तोच असला तर बरं, बाकीचे फार ढकलतात.