नंबर परत आला, आता पुन्हा लेझर?

लेसिक, म्हणजे चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन, होऊन नऊ वर्षं झाल्यावर माझा नंबर परत आला. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "मग पुन्हा लेझर करता येतं का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. येतं, पण सगळ्यांना नाही. आणि नंबर का आला हे कळल्याशिवाय तर करूच नका.

मला कळलं ते स्वारगेटला. रात्री एसटी अगदी पुढ्यात येईपर्यंत पाटीवरचं 'सातारा' वाचता येईना. तपासलं, तर दोन्ही डोळ्यांना उणे सव्वा. मूळचा नंबर होता उणे सहा.

डॉक्टरांनी आधी मोतीबिंदूची सुरुवात नाही ना ते पाहिलं, कारण त्यानेही उणे नंबर चढतो. डोळे कोरडे असले की मोजणी चुकते, म्हणून काही आठवडे थेंब घालून नंबर पुन्हा काढला. मग कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशा. कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगत असेल तर पुन्हा लेझर नाहीच; फुगणं थांबवायला क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपचार, करतात. नकाशा येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

नकाशा ठीक आला. मग जुनी फाइल उघडली. ऑपरेशनआधी कॉर्नियाची जाडी 520 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लेसिकमध्ये कापून उचलतात तो वरचा पापुद्रा 110 चा, लेझरने गेले साधारण 85. म्हणजे पापुद्र्याखाली उरले 325. तिथे निदान 250 हवेत, बरेच डॉक्टर 300 च्या खाली जात नाहीत. सव्वा नंबरासाठी आणखी 18 च्या आसपास जाणार होते. हिशोब बसत होता.

जुना पापुद्रा उचलून खाली लेझर मारता येतं, दिसायलाही लवकर लागतं. पण इतक्या वर्षांनी उचलला, तर वरच्या थरातल्या पेशी कडेने आत शिरायची भीती वाढते. म्हणून पापुद्रा न उचलता वरूनच लेझर, म्हणजे पीआरके, ठरलं. धूसरपणा राहू नये म्हणून मायटोमायसिन हे औषधही लावलं. तीन दिवस डोळे नुसते झोंबत होते. पडदे ओढून पडून राहिले. जखम झाकायला डोळ्यावर बसवलेली लेन्स पाचव्या दिवशी काढली, पण नजर स्वच्छ व्हायला महिना गेला.

माझ्या मावसबहिणीचा कॉर्निया पातळ, म्हणून लेझर नाही. तिला डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, आयसीएल, सुचवली होती. तिने नको म्हटलं, आणि मला ते पटलं. तिचा नंबर उणे पाऊण, वय पंचेचाळीस. रात्री गाडी चालवताना चष्मा लावते आणि त्याच उणे नंबरामुळे पेपर अजून चष्म्याशिवाय वाचते.

तुमची जुनी फाइल मात्र आजच शोधा. पुढे मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या लेन्सची पॉवर ठरवतानाही डॉक्टर तीच मागतील.